लुटारूंच्या वेषातील सज्जन

उपवासकाळ जवळ आला की आपल्या काही धर्मग्रामांत प्रभू येशूच्या दुःखसहनाच्या नाट्याची तयारी सुरू होते. भूमिका वाटण्याची बैठक ज्यांनी पाहिली असेल त्यांना एक गंमत ठाऊक असेल. यूदास व्हायला कोणी चटकन तयार होत नाही; त्याच्यासाठी मिनतवारी करावी लागते. फटके मारणाऱ्या रोमी शिपायांच्या जागा मात्र पहिल्या पाच मिनिटांत भरतात. ढाल, भाला, लाल झगा आणि पुठ्ठ्याचे शिरस्त्राण ह्यांचे आकर्षणच तसे असते. महिनाभर तालीम करता करता ही शिपाईमंडळी एकमेकांची जिवलग होऊन जातात. एकाच्या घरी चहा, दुसऱ्याच्या अंगणात भाल्यांना रंग, असे चालते. मग शुक्रवारी संध्याकाळी, क्रूस वाहणारा आपल्याच आळीतला मुलगा समोर गुडघ्यांवर पडतो, तेव्हा चाबूक उचललेला एखादा हात क्षणभर अडखळतो.

समुद्रापलीकडच्या एका गावाविषयी वाचताना मला हा अडखळलेला हात वारंवार आठवत राहिला. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट ऑगस्टीन नावाचे जुने गाव आहे. तेथे मार्च महिन्यात हौशी स्त्रीपुरुष सतराव्या शतकातील पोशाख करून जमतात आणि १६६८ साली रॉबर्ट सर्ल ह्या इंग्रज चाच्याने त्या गावावर घातलेला दरोडा पुन्हा घडवून दाखवतात. काही जण चाचे होतात, काही स्पॅनिश शिपाई, काही लुटले जाणारे गावकरी. भूतकाळातील प्रसंग त्या काळच्या वेषात, त्या काळच्या शस्त्रांनिशी आणि शक्य तर त्याच मातीवर उभा करण्याचा हा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. आपण त्याला इतिहासाचे पुनर्दर्शन म्हणू. पुनर्दर्शन लढायांचे होते, वेढ्यांचे होते. पण दरोड्याचे, आणि तेही इतक्या प्रेमाने, हे ऐकून प्रथम नवल वाटते.

हे गाव आपल्या वाचकांना अगदीच परके वाटू नये. १५६५ च्या २८ ऑगस्टला, म्हणजे संत ऑगस्टीनच्या सणाच्या दिवशी, पेद्रो मेनेंदेस दे आविलेस ह्या स्पॅनिश दर्यासारंगाला येथला किनारा दिसला, म्हणून गावाला ते नाव मिळाले. ८ सप्टेंबर रोजी, पवित्र मारियेच्या जन्माच्या सणी, तो किनाऱ्यावर उतरला आणि फादर फ्रान्सिस्को लोपेस दे मेंदोसा ग्राहालेस ह्यांनी मिस्साबलिदान अर्पण केले. वांद्र्याच्या जत्रेमुळे ती तारीख आपल्या घराघरांत पाठ आहे. पुढे १५८६ साली सर फ्रान्सिस ड्रेकने हे गाव जाळले. त्या वेळी स्पेन आणि पोर्तुगाल ह्या दोन्ही देशांचा राजा एकच होता, दुसरा फिलिप. म्हणजे जळालेल्या सेंट ऑगस्टीनचे रहिवासी आणि वसईच्या कोटातले आपले पूर्वज त्या वर्षी एकाच राजाची प्रजा होते.

येथील धर्मग्रामाच्या नोंदवह्या १५९४ पासूनच्या आहेत. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत युरोपीय वसाहतीच्या इतक्या जुन्या नोंदी दुसरीकडे नाहीत. १७६३ साली स्पेनने फ्लोरिडा इंग्रजांना दिला तेव्हा गाव सोडून क्यूबाला निघालेल्या लोकांनी ह्या वह्या बरोबर नेल्या आणि त्या परत यायला १९०६ साल उजाडले. कोणाचा स्नानसंस्कार कधी झाला, कोणाचे लग्न कोणाशी लागले, हे सारे त्यांत आहे. चाच्यांनी आपल्या मागे अशी वही ठेवलेली नाही. लुटणाऱ्यांपेक्षा लुटल्या जाणाऱ्या गावाची माहिती अधिक शाबूत राहावी, असा योग इतिहासात क्वचितच येतो.

आता त्या रात्रीची हकीकत. सर्लने न्यू स्पेनहून, म्हणजे आजच्या मेक्सिकोहून, सेंट ऑगस्टीनला रसद घेऊन निघालेले जहाज आधीच ताब्यात घेतले होते. १६६८ च्या मे अखेरीस ते ओळखीचे जहाज बंदराबाहेर दिसताच उपाशी गावाला आनंद झाला. वाट दाखवणारा तांडेल होडी घेऊन गेला, ठरल्याप्रमाणे खुणा झाल्या, आणि उद्या पीठ मिळणार ह्या आशेवर गाव झोपी गेले. जहाजात मात्र चाचे दडलेले होते. मध्यरात्र उलटल्यावर ते होड्यांतून वल्हवत आत शिरले. मिगेल दे मोन्सोन नावाचा एक कॉर्पोरल त्या वेळी खाडीत मासे धरीत बसला होता. वल्ह्यांचा आवाज ऐकून त्याने आपली होडी किल्ल्याकडे हाणली. गोळी लागली तरी तो पोहोचला आणि त्याने पहाऱ्याला जागे केले. लाकडी किल्ला त्यामुळे वाचला. गाव वाचले नाही. सुमारे साठ माणसे रस्त्यांत आणि दारांत मारली गेली. चर्च, सरकारी कोठारे, घरे, सारे लुटले गेले. गव्हर्नराशी भांडण झालेल्या एका फ्रेंच शल्यवैद्याने चाच्यांना गावची बित्तंबातमी पुरवली, असा आरोप तत्कालीन स्पॅनिश कागदांत आहे. गावचा यूदास तोच, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु दरोड्याचा खरा हिशेब पुढेच आहे. पकडलेल्या स्पॅनिश कुटुंबांना चाच्यांनी पाणी, मांस आणि सरपण ह्यांच्या मोबदल्यात सोडून दिले. इंडियन, आफ्रिकी आणि मिश्र रक्ताचे जे लोक हाती लागले होते त्यांना मात्र सोडले नाही. गुलाम म्हणून विकायला ते बरोबर नेले. ते ह्याच गावचे, ह्याच चर्चच्या छायेत राहणारे लोक होते. कातडीचा रंग पाहून त्यांची प्रतवारी झाली. ख्रिस्ती असणे त्यांच्या कामी आले नाही.

सर्ल जमैकाहून आला होता. तेथला इंग्रज गव्हर्नर टॉमस मॉडीफर्ड राजाच्या नावाने अशा लोकांना लुटीचे परवाने देत असे. इंग्लंड-स्पेन तहावर आदल्याच वर्षी सह्या झाल्या होत्या, पण तो तह सर्लच्या आड आला नाही. तो राजा म्हणजे दुसरा चार्ल्स. ह्याच १६६८ च्या मार्च महिन्यात त्याने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले होते. चाचा कोण आणि सरदार कोण, हे पुष्कळदा कागद कोणाच्या खिशात आहे ह्यावर ठरे. आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आयुष्यभर चाचा म्हटले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

असो. वळू या आजच्या मंडळींकडे.

दोन दिवसांच्या पुनर्दर्शनामागे वर्षभराची खटपट असते, आणि ह्या छंदाचा जीव त्या खटपटीत आहे. कोणी शिक्षक असतो, कोणी सुतार, कोणी निवृत्त नौसैनिक, कोणी परिचारिका. दिवसाचे काम संपवून संध्याकाळी सुईदोरा घेऊन बसायचे, कारण कापड तागाचे वा लोकरीचे हवे आणि दिसणारी शिवण हाताचीच हवी. गुंड्या लाकडाच्या, शिंगाच्या किंवा कथलाच्या. चेन चालत नाही. मनगटी घड्याळ काढून ठेवायचे, चष्मा वापरायचा तर जुन्या घाटाचा. दहा फुटांवरून खरे वाटले म्हणजे पुरे, असे मानणारा एक पंथ आहे. उसवून आतली शिवण तपासणारा दुसरा. दोघांचे वाद कधी मिटत नाहीत. आपल्याकडे गायनमंडळात जुन्या आणि नव्या चालींवरून होणारे वाद ज्यांनी सोसले आहेत त्यांना ह्या भांडणातला गोडवाही कळेल.

नवागताला पहिला धडा असतो तो विसरण्याचा. चित्रपटांनी शिकवलेला चाचा आधी डोक्यातून काढावा लागतो. एका डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट, फळीवरून समुद्रात ढकलणे, पुरलेल्या खजिन्याचा नकाशा, हे बहुतेक सारे पुढच्या काळातील कादंबरीकारांचे आणि चित्रकारांचे देणे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तकरूपाने आली, हॉवर्ड पाइलची चित्रे त्यानंतरची. चाच्यांची म्हणून जी तऱ्हेवाईक बोली आज जगभर बोलली जाते ती १९५० सालच्या चित्रपटातल्या रॉबर्ट न्यूटन ह्या नटाची. तीन कोनी टोपीदेखील १६६८ साली प्रचारात आलेली नव्हती. सर्लच्या माणसांच्या डोक्यावर रुंद कडांच्या साध्या टोप्या शोभतात. हौसेने विकत घेतलेली महागडी तीन कोनी टोपी पहिल्याच शिबिरात काढून ठेवावी लागते, तेव्हा नवशिक्याचा चेहरा पाहण्यासारखा होत असेल! पण मग कोणीतरी आपली जुनी टोपी त्याला देतो. जादा सदरे, बूट, पट्टे ह्यांची एक पेटी बहुतेक गटांपाशी असते, ती नव्या माणसासाठीच. मैत्री बहुधा त्या पेटीपाशी सुरू होते.

दुसरा धडा दारूचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा. तोड्याची बंदूक हे फार लहरी हत्यार आहे. सोऱ्यात भिजवलेल्या दोरीचा तोडा सतत धुमसत ठेवायचा, आणि त्याच हाताने दारूही हाताळायची. शिपायाच्या छातीवरून तिरका पट्टा जातो, त्याला लाकडी नळकांडी लटकतात; प्रत्येक नळकांड्यात एका बाराची दारू. ती बहुधा बारा असत, म्हणून छांदिष्टांच्या बोलीत त्यांना 'बारा प्रेषित' असे नाव पडले आहे. समुद्रावरच्या चाच्यांना वाऱ्यापावसात तोडा सांभाळणे परवडत नसे. त्यांना चकमकीची लांब नळीची बंदूक प्रिय. ह्या साऱ्याची कवायत पुन्हा पुन्हा करावी लागते. बार भरताना गोळी घालायची नाही, हे तर उघडच आहे. परंतु दारू ठासण्याचा गजही लढाईत बाहेर काढायचा नाही, कारण घाईत तो नळीत राहिला तर बाणासारखा सुटतो. नळीचे तोंड समोरच्या माणसाच्या डोक्यावरून वर. रंजक पेटली आणि बार उडाला नाही, तर बंदूक आकाशाकडे धरून थांबायचे. शस्त्रे तपासणारा माणूस ज्याची बंदूक नाकारील तो त्या दिवशी गावकरी होतो. तेथे ज्येष्ठता चालत नाही, रुसवेही चालत नाहीत.

तिसरी शिकवण मरण्याची. सगळेच लढत राहिले तर लढाई संपायची कशी? म्हणून कोणी, कोठे, केव्हा पडायचे हे आधी ठरते. फ्लोरिडाच्या उन्हात लोकरीच्या कपड्यांत उताणे पडून राहणे ही शिक्षाच आहे. त्यामुळे अनुभवी माणसे सावली पाहून मरतात, अशी थट्टा ह्या मंडळींत चालते. मूळ दरोडा मे महिन्याच्या अखेरीस पडला असताना पुनर्दर्शन मार्चमध्ये का, ह्याचे उत्तर त्या उन्हाळ्यातच असावे असा माझा तर्क आहे.

तळ पडतो तो बहुतेक 'फाउंटन ऑफ यूथ' ह्या उद्यानात. मेनेंदेसची पहिली वस्ती येथेच होती, हे फ्लोरिडा विद्यापीठाच्या कॅथलीन डीगन ह्यांच्या उत्खननाने दाखवून दिले आहे. शेजारीच दूध पाजणाऱ्या मातेचे, 'नुएस्त्रा सेन्योरा दे ला लेचे'चे, तीर्थस्थान आहे. तंबू ठोकले जातात, लोखंडी भांड्यांतून शिजते, मुले फडक्यांच्या बाहुल्यांशी खेळतात. जो आज सर्लचा साथीदार आहे तो गेल्या वर्षी स्पॅनिश शिपाई होता, असेही होते. बाजू बदलणे ह्या छंदात कमीपणाचे मानत नाहीत. रात्री शेकोटीभोवती दोन्ही बाजू एकाच पातेल्यातून वाढून घेतात. हा बंधुभाव खरा आहे. कोणाच्या घरी आजारपण आले तर हीच माणसे धावून जातात.

आणि येथेच एक अवघड गोष्ट समोर येते. बंधुभाव खऱ्या चाच्यांतही होता. एक्स्क्वेमेलिन नावाचा शल्यवैद्य स्वतः त्यांच्यांत राहिला होता. त्याचे पुस्तक १६७८ साली ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाले. त्यात त्याने त्यांचे करार नोंदवले आहेत. मोहिमेवर निघण्यापूर्वी सारे बसून अटी ठरवीत. लूट मिळाली नाही तर कोणालाच वेतन नाही. सुताराचे आणि वैद्याचे मानधन आधी वेगळे काढायचे. लुटीतली वस्तू लपवणार नाही अशी शपथ सर्वांनी घ्यायची. आणि जखमी साथीदाराला भरपाई: उजवा हात गेला तर चांदीची सहाशे नाणी, डावा हात किंवा उजवा पाय गेला तर पाचशे, डाव्या पायाला चारशे, एका डोळ्याला शंभर. कोणत्याही बोटालाही शंभर. त्या काळच्या कोणत्या राजाच्या आरमारात खलाशाला असे आश्वासन होते? चाच्यांच्या जहाजात लोकशाही नांदत होती असे म्हणणारे ह्याच यादीकडे बोट दाखवतात.

पण यादी संपूर्ण वाचली पाहिजे. उजव्या हाताला सहाशे नाणी, किंवा सहा गुलाम. डाव्या हाताला पाचशे, किंवा पाच गुलाम. डोळ्याला शंभर, किंवा एक गुलाम. ज्या कागदावर साथीदाराच्या डोळ्याची किंमत लिहिली आहे त्याच कागदावर, त्याच ओळीत, दुसऱ्या कोणाच्या तरी अख्ख्या देहाची किंमत लिहिली आहे. त्यांचा बंधुभाव ढोंगी नव्हता. तो आपल्या जहाजाच्या कठड्यापर्यंत पूर्ण खरा होता. सेंट ऑगस्टीनच्या रस्त्यावरून ज्यांना हाकलत होड्यांत बसवले ते ह्या यादीतले चलन होते.

ही ओळ कळल्यावर शेकोटीभोवतीच्या गप्पांना काय होते? काही मंडळींच्या बाबतीत काहीच होत नाही, हे कबूल केले पाहिजे. रमची बाटली, काळा झेंडा आणि मोठ्याने हसणे एवढ्यावर त्यांचा चाचा संपतो. फ्लोरिडातच टॅम्पा येथे १९०४ पासून 'गॅस्पारिया' नावाचा उत्सव होतो. ज्या चाच्याच्या नावाने तो होतो तो होसे गास्पार कधी होऊन गेल्याचा पुरावाच नाही. काल्पनिक चाच्याबरोबर नाचायला हरकत नसावी. त्याने कोणाचे मूल नेलेले नसते. सर्लचे तसे नाही. म्हणूनच सेंट ऑगस्टीनच्या पुनर्दर्शनात गावकऱ्यांची भूमिका मला सर्वांत मोलाची वाटते. किंकाळी फोडत धावणारी आई, गल्लीत अडवलेला म्हातारा, बांधून नेले जाणारे कैदी ह्यांच्यावाचून तो खेळ निव्वळ धुराचा आणि आवाजाचा होईल. नोंदवह्यांमुळे त्या काळच्या रहिवाशांची खरी नावे अभ्यासकाच्या हाती येतात. चाचा व्हायला टोपी लागते. गावकरी व्हायला अभ्यास लागतो.

त्याच गावच्या वेशीबाहेर, उत्तरेला थोड्या अंतरावर, आणखी एक पुनर्दर्शन होते. १६८७ साली इंग्रजांच्या कॅरोलिनातून पळालेले आठ पुरुष, दोन स्त्रिया आणि एक तान्हे मूल होडीतून सेंट ऑगस्टीनला पोहोचले आणि त्यांनी स्नानसंस्कार मागितला. १६९३ साली स्पेनच्या राजाने अशा कॅथॉलिक होणाऱ्या पळपुट्यांना स्वातंत्र्य देण्याचा हुकूम काढला. त्यामागे धर्मापेक्षा इंग्रजांना खच्ची करण्याचा हेतू होता, आणि गावातल्या स्पॅनिश घरांत गुलाम होतेच, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही १७३८ साली ह्या मुक्त कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र गाव वसले, फोर्ट मोसे. त्यांच्या लष्करी तुकडीचा कप्तान होता फ्रान्सिस्को मेनेंदेस, पश्चिम आफ्रिकेतून आणलेला, पळून आलेला, फ्रान्सिस्को हे नाव घेऊन ख्रिस्ती झालेला. १७४० च्या जूनमध्ये इंग्रजांनी बळकावलेले मोसे परत घेणाऱ्या फौजेत ही तुकडी लढली. त्या लढाईचे पुनर्दर्शन जून महिन्यात होते, आणि कप्तान मेनेंदेस व त्याचे शिपाई होण्यासाठी कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुष निळे कोट शिवून घेतात, त्याच तोऱ्यात बार भरायला शिकतात.

ह्या मेनेंदेसची पुढची कथा तर विलक्षण आहे. तो स्वतः स्पेनच्या परवान्याने लुटीच्या जहाजावर गेला. १७४१ साली 'रिव्हेंज' नावाच्या इंग्रज जहाजाने त्याला पकडले. इंग्रज खलाशांनी त्याला तोफेशी बांधून दोनशे फटके मारले आणि बहामा बेटांवर गुलाम म्हणून विकले. तेथून तो कसा सुटला हे कागद सांगत नाहीत. पण पुढे तो मोसेत पुन्हा कप्तान म्हणून दिसतो, आणि १७६३ साली सर्वांबरोबर क्यूबाला जातो. लुटणारा आणि लुटला गेलेला, दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला खरोखरीच आल्या.

सर्लच्या दरोड्याने स्पेनच्या दरबाराला मात्र जाग आली. एकामागून एक नऊ लाकडी किल्ले कुजून वा जळून गेले होते. आता दगडी किल्ल्यासाठी पैसा निघाला. १६७२ साली काम सुरू झाले, १६९५ पर्यंत चालले. दगड म्हणजे शेजारच्या अनास्तासिया बेटावरचा कोकीना, शिंपल्यांच्या चुऱ्याचा बनलेला. राबले ते मिशनगावांतले ग्वाले, तिमुकुआ आणि अपालाची लोक. १७०२ साली कॅरोलिनाच्या इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा सुमारे पंधराशे माणसे पन्नासएक दिवस त्या भिंतींआड जगली. बाहेर गाव जळले, धर्मग्रामाचे जुने चर्चही जळले. तोफेचे गोळे त्या मऊ दगडात रुतून बसत, भिंत दुभंगत नसे.

शनिवारी संध्याकाळी गावच्या अरुंद गल्ल्यांतून धूर निवळतो तेव्हा पडलेली माणसे उठतात, कपडे झटकतात, आणि बघ्यांतली लहान मुले त्यांना हात लावून पाहतात. तळावर परतल्यावर मोठ्या पातेल्यात पाणी तापवले जाते. काळ्या दारूची काजळी रात्रभर राहिली तर लोखंड खाते, म्हणून बंदुकांच्या नळ्या कढत पाण्याने धुवाव्या लागतात. सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. चाचा आणि शिपाई शेजारी बसून चिंध्या पिळतात. पुढल्या वर्षी कोणी काय व्हायचे, ह्याची बोलणी त्या पातेल्यापाशीच सुरू होतात.